पॉवरपॉइंटच्या जागी काय? आधी स्लाइडची कामं वेगळी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवता. जवळजवळ प्रत्येक धड्याच्या पॉवरपॉइंट स्लाइड्स तुमच्याकडे तयार आहेत आणि तास त्यांच्यावरच चालतो. आता लक्षात येतंय की स्लाइड पडद्यावर आली रे आली की मुलं माना खाली घालून ती उतरवायला लागतात. तुमच्याकडे कुणी बघत नाही, आणि पुढच्या तासाला विचारलं तर उत्तर येत नाही. एक सहकारी म्हणतात प्रेझी वापरा, दुसरे म्हणतात कॅनव्हा, तिसरे म्हणतात हे सगळं बंद करा आणि खडू हातात घ्या. वर्गात प्रोजेक्टर आहे, इंटरनेटचा भरवसा नाही, आणि इतक्या वर्षांचं काम फेकून द्यायची तुमची तयारी नाही. मग कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

मीही विज्ञानच शिकवते. शिवाय शाळेत कुणाची फाइल उघडेना, कुणाचा प्रोजेक्टर रुसला की ते काम माझ्याकडे येतं, त्यामुळे यातली बहुतेक साधनं माझ्या हाताखालून गेलेली आहेत. माझं सरळ मत सांगते: तुम्ही जी अडचण लिहिली आहे ती प्रेझीने सुटणार नाही आणि कॅनव्हानेही सुटणार नाही. दोन्हीकडे मुलांसमोर येणार आहे ते आधीच पूर्ण झालेलं पान. ते देखणं असेल, गरागरा फिरत येईल, पण मुलांनी त्याचं करायचं काय, तर उतरवून घ्यायचं. खडूवाल्या सहकाऱ्यांचं म्हणणं याहून खरं आहे, पण तेही अर्धंच.

स्लाइड मुळात कुणासाठी बनली हे पाहिलं की बराच उलगडा होतो. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशसाठी बाजारात आलं. फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचं काम होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिकांची कृष्णधवल पानं तयार करून देणं. गिऱ्हाईक कोण, तर बैठकीत उभं राहून आपला प्रस्ताव मांडणारा माणूस. समोरच्यांनी माना डोलवल्या की त्याचं काम झालं. त्यांनी महिन्याभराने तेच स्वतः करून दाखवावं अशी त्याची अपेक्षा नसते. आपली अपेक्षा नेमकी तीच असते, आणि हत्यार मात्र आपण त्याचं उचललं.

आता तुमची कुठलीही जुनी स्लाइड उघडा आणि त्यावरची एकेक ओळ कुणासाठी लिहिली आहे ते बघा. बहुतेकांच्या स्लाइडवर तीन वेगळी कामं एकात एक गुंतलेली सापडतात. काही ओळी आपल्यासाठीच असतात: पुढे काय बोलायचं, कुठलं उदाहरण द्यायचं. म्हणजे ते आपलं टाचण झालं. काही ओळी मुलांच्या वहीसाठी असतात: व्याख्या, सूत्र, फरक स्पष्ट करा. आणि कोपऱ्यात एक आकृती असते. खरं तर तीच पडद्यावर भिंतभर हवी होती, पण मुद्द्यांनी जागा खाल्ल्यामुळे ती मागच्या बाकावरून दिसतही नाही.

ही तीन कामं एकमेकांच्या पायात येतात. पडद्यावर वाक्य दिसलं की मुलं ते वाचतात, आणि वाचत असताना तुमचं बोलणं त्यांच्या डोक्यात शिरत नाही. हा नुसता अनुभव नाही. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. चित्र आणि बोलणं एवढंच दिलं तर शिकणं जास्त चांगलं होतं. त्यात तेच बोलणं पडद्यावर मजकूर म्हणून जोडलं तर कमी होतं, असं त्यांना पुन्हापुन्हा दिसलं. याला अपवाद आहेत आणि ते मेयरच सांगतात: शब्द नवा किंवा पारिभाषिक असेल, किंवा शिकवण्याची भाषा मुलाची घरची भाषा नसेल, तर तो शब्द डोळ्यांसमोर असणं उपयोगाचं ठरतं. म्हणून ‘नाभीय अंतर’ हा शब्द पडद्यावर असू द्या. त्याची तीन ओळींची व्याख्या मात्र तिथे नको.

तेव्हा नवं काही डाउनलोड करण्याआधी हे करून बघा. टाचणाच्या ओळी उचलून स्लाइडखालच्या नोट्सच्या जागेत टाका. प्रेझेंटर व्ह्यू चालू केलात की त्या फक्त तुमच्या लॅपटॉपवर दिसतात, पडद्यावर नाही. लॅपटॉपवर वाकून बघायचा कंटाळा असेल तर कागदावर लिहा, मी तेच करते. वहीसाठीच्या ओळींचा अर्ध्या पानाचा मजकूर करा, त्यात मोक्याच्या जागा रिकाम्या ठेवा आणि तो तासाच्या सुरुवातीला वाटा. सगळंच छापून दिलं तर मुलं पान घडी करून खिशात घालतात. रिकामी जागा असली की ती भरण्यासाठी कान द्यावा लागतो. पडद्यावर उरेल फक्त चित्र, तेही पूर्ण पडदाभर. एवढ्यानेच उतरवून घेण्याचा प्रकार बराच कमी होतो, कारण उतरवायला काही उरतच नाही. आणि हे त्याच जुन्या पॉवरपॉइंटमध्ये होतं.

जाता जाता एक कळ सांगते, माहीत नसेल तर. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, डब्ल्यू दाबलं की पांढरा. पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स, लिब्रेऑफिस इम्प्रेस, तिन्हींत चालतं. प्रश्न विचारलात की पडदा काळा करा. दुसरं काही बघायला नसलं की मुलं माणसाकडे बघतात.

पण अडचणीचा दुसरा भाग यानेही सुटत नाही. काही विषयच असे असतात की ते तयार स्वरूपात दाखवले की त्यांचा जीव जातो. ते समोर घडावे लागतात. खरे पर्याय शोधायचे ते अशा ठिकाणी. एक धडा जवळून घेऊ, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

बहिर्वक्र भिंगाच्या किरणाकृती घ्या. नेहमीच्या स्लाइडवर वस्तूच्या सहा स्थानांच्या सहा आकृत्या असतात आणि शेजारी तक्ता असतो. चूक काहीच नसते. मुलं तो तक्ता पाठ करतात आणि वस्तू तक्त्यात नसलेल्या ठिकाणी ठेवली की गडबडतात. मी यासाठी फळा घेते. मुख्य अक्ष, भिंग, दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटरवर नाभी, आणि वस्तू १५ सेंटिमीटरवर, सगळं प्रमाणात. वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर किरण काढत भिंगापर्यंत आणते आणि तिथे खडू थांबवते. आता हा कुठे जाईल? हात थांबला की वर्गातल्या माना आपोआप वर येतात. हमखास कुणीतरी म्हणतं, “बाई, सरळच जाणार ना!” मग मी तो सरळच काढते. दुसरा किरणही त्याच न्यायाने सरळ काढते. आणि विचारते, सांगा आता, प्रतिमा कुठे मिळाली? किरण तर एकमेकांपासून लांबच चाललेत. मग कुणीतरी स्वतःहून म्हणतं की मग वळायलाच पाहिजेत.

स्लाइडवर ॲनिमेशन लावून एकेक किरण आणता येतो, हे मला माहीत आहे. पण ॲनिमेशनमध्ये पुढचा किरण कुठे जाणार हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. मुलाने दिलेलं चुकीचं उत्तर खरं मानून चार पावलं चालून बघायची सोय त्यात नाही, आणि विज्ञानाच्या तासात तीच चार पावलं सगळ्यात मोलाची असतात. शिवाय फळ्यावर काढायला जितका वेळ मला लागतो, साधारण तितकाच मुलांना वहीत काढायला लागतो. स्लाइडला हा लगाम नसतो. एका क्लिकवर अख्खी आकृती येते आणि शिकवणाऱ्याला वाटतं, झालं की समजावून.

आकृतीत प्रतिमा साधारण ३० सेंटिमीटरवर मिळते. मग सूत्राने पडताळायचं: एक दशांशातून एक पंधरांश वजा केले की एक तीसांश उरतो, म्हणजे ३० सेंटिमीटर, प्रतिमा उलटी आणि दुप्पट. हातची आकृती आणि सूत्र एकाच जागी येतात हे बघून वर्गाला जो आनंद होतो तो मला अजूनही आवडतो.

फळा इथे संपतो, कारण वस्तू सरकवत नेणं खडूला जमत नाही. दर वेळी पुसून पुन्हा काढायचं म्हटलं तर तास तिथेच संपेल. इथे सिम्युलेशन लागतं, म्हणजे पडद्यावर वस्तू हलवून बघता येईल असा संगणकावरचा प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट नावाचा प्रकल्प आहे, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. सगळं मोफत आहे, आणि नव्या स्वरूपातली सिम्युलेशन्स एकेक फाइल म्हणून उतरवून ठेवता येतात. ती फाइल ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते, म्हणजे तुमची ती अडचण इथे आड येत नाही. अनेक सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. भिंगांसाठीचं उघडा आणि वस्तू सरकवा. आकडे मी फळ्यावरच्याच भिंगाचे, म्हणजे नाभीय अंतर १० धरून सांगते. २०वर नेली की प्रतिमा पलीकडे २०वर, तेवढ्याच आकाराची. तिथून १०कडे आणत गेलात की प्रतिमा लांब लांब पळते आणि मोठी होत जाते. नेमकी १०वर आली की किरण समांतर होतात आणि प्रतिमा सापडतच नाही. ५वर आणली की ती वस्तूच्याच बाजूला १०वर, सुलट, दुप्पट आणि आभासी. तक्त्यातल्या सहा ओळी म्हणजे एकाच प्रवासातली सहा ठिकाणं आहेत हे इथे पहिल्यांदा दिसतं. स्लाइडवर ते कधीच दिसत नाही, सहा चौकोनांत सहा सुटी चित्रं दिसतात.

एक पथ्य पाळा. प्रत्येक वेळी सरकवण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या: प्रतिमा जवळ येईल की लांब जाईल, मोठी की लहान. अंदाज न घेता सरकवत बसलात तर सिम्युलेशन म्हणजे हलणारी स्लाइडच. आणि फळ्याच्या आधी सिम्युलेशन दाखवू नका. किरण का वळतो हे हाताने काढून झालेलं नसेल तर पडद्यावरच्या रेषा मुलांना नुसती रांगोळी वाटते. खरं भिंग शाळेत असेल तर अर्थात सगळ्याच्या आधी खरं भिंग. खिडकीची उलटी प्रतिमा भिंतीवर पाडायला वीजसुद्धा लागत नाही.

आता तिसरं साधन. मुलांना खरंच कळलं का, हे ‘समजलं का?’ असं विचारून कळत नाही, एका सुरात ‘हो’ येतं. त्याऐवजी असा प्रश्न टाका: भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर पडद्यावरच्या प्रतिमेचं काय होईल? अ, वरचा अर्धा भाग जाईल. ब, खालचा अर्धा जाईल. क, पूर्ण प्रतिमा राहील पण अंधूक होईल. ड, काहीच फरक पडणार नाही. उत्तर क आहे, कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागावर पडतात. अर्धं भिंग झाकलं तरी उरलेल्या अर्ध्यातून प्रत्येक बिंदूचे काही किरण पोचतातच. किरणाकृती बिनचूक काढणारी हुशार मुलंसुद्धा इथे अ आणि ब म्हणतात. आकृतीत आपण दोन-तीनच किरण काढतो, म्हणून तेवढेच असतात असं त्यांच्या मनात बसलेलं असतं.

असे प्रश्न विचारायची एक पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मेझर यांनी १९९०च्या दशकात रूढ केली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असतील तर शेजाऱ्याशी वाद घालायला दोन मिनिटं द्यायची आणि पुन्हा मत घ्यायचं. ३०च्या खाली असतील तर पुन्हा समजवायचं, ७०च्या वर असतील तर थोडक्यात आवरून पुढे जायचं. दुसऱ्या खेपेला मतं कशी सरकतात ते बघण्यासारखं असतं. मतं घ्यायला मेंटिमीटर, कहूट वगैरे आहेत, पण त्यांना प्रत्येक मुलाच्या हातात फोन किंवा टॅब आणि चालू इंटरनेट लागतं. प्लिकर्समध्ये मुलांकडे फक्त छापील कार्ड असतं. ते चार दिशांना फिरवून अ, ब, क, ड यातलं एक उत्तर दाखवायचं आणि शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गाची कार्डं वाचतो. तेही नको असेल तर चार रंगांचे कागदाचे तुकडे पुरतात. अट एवढीच की सगळ्यांनी एकदम वर करायचे, नाहीतर सगळे पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बघून रंग निवडतात. कहूटबद्दल माझं मत फारसं बरं नाही. उजळणीला ठीक आहे, मुलांना मजा येते. पण घड्याळ पळत असताना आणि गुणांची यादी झळकत असताना अर्धवट झाकलेल्या भिंगाचा विचार कुणी करत नाही, बोट आधी पोचवायचं एवढंच चालतं.

सहकाऱ्यांनी सुचवलेल्या नावांवर आता पटकन.

गूगल स्लाइड्स, कॅनव्हा आणि लिब्रेऑफिस इम्प्रेस हे पॉवरपॉइंटचेच भाऊबंद आहेत. परवान्याचा खर्च टाळायचा असेल तर इम्प्रेस घ्या. चार शिक्षकांना मिळून एकच फाइल करायची असेल किंवा मुलांच्या गटांना आपापली स्लाइड भरायला लावायची असेल तर गूगल स्लाइड्स उत्तम. कॅनव्हात भित्तिपत्रकं सुरेख होतात. शिकवण्याच्या पद्धतीत या तिघांनी काही बदलत नाही.

प्रेझी २००९ मध्ये आलं तेव्हा त्याचं फार कौतुक झालं. एक भलं मोठं पान, आणि त्यावर आत-बाहेर झेपावत जाणं. जिथे मोठ्यातलं लहान दाखवायचं असतं, म्हणजे शरीर, मग अवयव, मग ऊती, मग पेशी, तिथे ही झेप अर्थपूर्ण असते. एरवी ती नुसती गिरकी. काहींना त्या हालचालीने गरगरतं, हेही लक्षात घ्या. नुसती पेशीपर्यंत झेप हवी असेल तर नव्या पॉवरपॉइंटमध्येही झूम नावाची सोय आहे.

मार्प, रिव्हील किंवा लाटेक या समीकरणांच्या छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालीतलं बीमर अशी मजकूर लिहून स्लाइड बनवणारी साधनं आहेत. गणिताची समीकरणं रोज लिहिणाऱ्यांना आणि प्रोग्रॅमिंगची सवय असलेल्यांना ती आवडतात. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये. जाणारच असाल तर लाटेकमध्ये देवनागरीसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक या त्याच्या आवृत्त्या वापरा.

ज्याची शिफारस मी तुमच्यासारख्यांना सगळ्यात आधी करते ते नाव तुमच्या सहकाऱ्यांनी घेतलेलं दिसत नाही: ओपनबोर्ड. मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, इंटरनेट लागत नाही. हा संगणकावरचा फळा आहे. पट्टी, कोनमापक, कंपास त्यातच आहेत, पडद्याचा भाग झाकायचा पडदाही आहे. आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे जुन्या स्लाइड्स पीडीएफ करून त्यात आणता येतात आणि त्यांच्यावर लिहिता येतं. म्हणजे सहा आकृत्यांमधले किरण पुसून टाकायचे, फक्त अक्ष, भिंग आणि वस्तू ठेवायची, पीडीएफ करायची आणि किरण वर्गात काढायचे. वर्षांचं काम वाया जात नाही, उलट कमी करूनच जास्त उपयोगी होतं. लिहायला माउस मात्र कामाचा नाही. पेन चालणारा लॅपटॉप किंवा साधी लिहायची टॅब्लेट लागते, आणि हात बसायला थोडे दिवस जातात.

तेवढीही सोय नसेल तर व्हिज्युअलायझर बघा, म्हणजे टेबलावरच्या कागदाचं चित्र पडद्यावर टाकणारा कॅमेरा. स्टँडला उलटा लावलेला फोन लॅपटॉपला जोडूनही हे काम होतं. मोठ्या वर्गात मला हा फळ्यापेक्षा जास्त आवडतो: वर्गाकडे पाठ होत नाही, शेवटच्या बाकापर्यंत अक्षर दिसतं, आणि एखाद्या मुलाची वही उचलून थेट कॅमेऱ्याखाली ठेवता येते. त्या मुलाला आधी विचारून, अर्थातच.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. वर्ग पंचवीसचा असेल तर फळा पुरतो, साठचा असेल तर मागच्यांना तो दिसतच नाही. खोलीत ऊन येत असेल आणि पडद्यावर फिकट चित्र उमटत असेल तर सगळ्या सॉफ्टवेअरच्या आधी खिडकीला पडदा लावा. वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल तर मी वर मजकूर काढून टाकायला सांगितलं ते तसंच्या तसं लागू होत नाही; त्याला मुद्दे आदल्या दिवशी छापून द्या आणि महत्त्वाचे शब्द पडद्यावर ठेवा. कमी दिसणाऱ्या मुलासाठी फाइल त्याच्या स्वतःच्या यंत्रावर द्या. तुमचा घसा किंवा पाठ दुखत असेल आणि फळ्यापाशी उभं राहणं जमत नसेल, तर बसून व्हिज्युअलायझर वापरण्यात काही कमीपणा नाही. परीक्षा तोंडावर असेल आणि उजळणी उरकायची असेल तर जुन्या स्लाइड्स खुशाल चालवा, तिथे वेग कामाचा असतो.

विषयही बघा. भूमितीला आणि आलेखांना जिओजेब्रा किंवा डेस्मॉस या आकृत्या आणि आलेख हलवून बघता येणाऱ्या साधनांशी स्पर्धा करेल अशी स्लाइड नाही. भाषेच्या तासाला पडद्यावर उतारा ठेवून सगळ्यांनी मिळून त्यावर खुणा करणं बहुतेकदा पुरतं, त्याला साधं वर्ड चालतं. आणि काही गोष्टींना स्लाइडच लागते: पेशीचं सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं छायाचित्र, ज्वालामुखीचा उद्रेक, जुना नकाशा, दोन खडकांचे शेजारीशेजारी ठेवलेले फोटो. हे फळ्यावर काढत बसणं म्हणजे हट्ट. म्हणून सगळं बंद करा म्हणणाऱ्या सहकाऱ्यांचं मी अर्धंच ऐकते.

बदल करताना सगळे धडे एकदम हातात घेऊ नका. मुलांना जिथे दरवर्षी अडतं असा एकच धडा निवडा. त्याच्या स्लाइड्सच्या प्रिंट काढा आणि पेन घेऊन प्रत्येक ओळीवर खूण करा: माझं टाचण, मुलांची वही, चित्र, की वर्गात घडायला हवं असं काही. चौथी खूण जिथे पडेल तिथेच नवं साधन शोधा. एखाद्या धड्यात ती एकदाच पडेल, एखाद्यात पडणारही नाही. तो धडा तसा शिकवून झाल्यावर पुढच्या तासाच्या सुरुवातीला वह्या बंद ठेवून दोन प्रश्न विचारा, आणि ते आकृती बदलून विचारा, तक्त्यातले नकोत. दुसरी तुकडी तुमच्याकडे असेल तर तिला एकदा जुन्या पद्धतीने शिकवून तेच दोन प्रश्न विचारता येतील. मग राहून गेलेल्या तुकडीलाही नव्या पद्धतीने उजळणी द्या, नाहीतर तो अन्याय होईल.

शेवटी फाइलींबद्दल, कारण याचा त्रास दोन वर्षांनी होतो आणि तेव्हा कुणी आठवण करून देत नाही. जे साधन फक्त कंपनीच्या संकेतस्थळावर चालतं आणि ज्यातून काम बाहेर काढता येत नाही, त्यात वर्षभराचं टाचण ठेवू नका. गूगलचं जॅमबोर्ड हे व्हाइटबोर्डचं ॲप कितीतरी शिक्षक रोज वापरत होते. ते २०२४च्या अखेरीस बंद झालं. फ्लॅश या ब्राउझरमध्ये खेळ आणि ॲनिमेशन चालवणाऱ्या तंत्राचा आधार २०२०च्या अखेरीस संपला तेव्हा त्यावर बनलेले असंख्य शैक्षणिक खेळ आणि प्रयोग उघडेनासे झाले. म्हणून प्रत्येक धड्याची एक पीडीएफ स्वतःकडे ठेवाच, शिवाय मूळ फाइलही. जुन्या स्लाइड्स युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केल्या असतील तर नव्या यंत्रावर त्यांची अक्षरं हमखास बिघडतात, तो मजकूर आत्ताच युनिकोडमध्ये बदलून घ्या. नवं साधन स्वीकारण्याआधी त्यात ‘वक्रीभवन’, ‘दृष्टिपटल’, ‘ऱ्हास’ हे तीन शब्द टाइप करा, पीडीएफ काढा आणि प्रोजेक्टरला जोडलेल्या यंत्रावर उघडून बघा. जोडाक्षरं फुटली तर साधन कितीही देखणं असो, पुढचं बघा.